हॅरल्ड वॅगस्टाफ आणि सिडनीचा सामना

रग्बी म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे उभे राहतात ते साहेबांचे जिमखाने, छावण्यांतली मैदाने आणि गोऱ्या पलटणींतले अधिकारी. हा समज अगदीच निराधार नाही. १८७३ साली कलकत्त्यातील इंग्रजांनी रग्बीचा एक क्लब काढला. हवा मानवेना, खेळाडू पांगू लागले, तेव्हा क्लब मोडताना त्यांनी बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून ते वितळविले आणि त्यांचा एक करंडक घडविला. झाकणावर हत्ती आणि मुठींच्या जागी फणा काढलेले नाग असलेला तो 'कलकत्ता कप' १८७८ साली विलायतेला गेला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड यांच्यामध्ये त्यासाठी दर वर्षी झुंज होते. आपल्या किनाऱ्याला लागलेले रग्बी ते हे : सुखवस्तू घरांतल्या, नामांकित शाळांत शिकलेल्या तरुणांचे. परंतु त्याच इंग्लंडात रग्बीची दुसरीही एक शाखा होती आणि आहे. ती बोटीत बसून आपल्याकडे कधी आली नाही. लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी, गोद्या आणि गॅसचे कारखाने यांच्या परिसरात ती वाढली. हॅरल्ड वॅगस्टाफ हा त्या दुसऱ्या रग्बीचा कर्णधार. त्याची कथा सांगावयाची तर ती दुसरी रग्बी निराळी का झाली, हे आधी सांगावे लागते. आणि ते कारण मोठे साधे आहे. ते एका दिवसाच्या मजुरीचे कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर आणि लँकेशायर या उत्तरेकडील परगण्यांत रग्बीला अमाप लोकप्रियता लाभली होती. खेळणारे बहुतेक कामकरी होते. शनिवारी दुपारपर्यंत गिरणीचा भोंगा त्यांना सोडीत नसे आणि सामना तर शनिवारीच असावयाचा. दूरच्या गावी खेळावयास जावयाचे म्हणजे अर्ध्या दिवसाचा, कधी पुऱ्या दिवसाचा पगार बुडवावयाचा. दक्षिणेतल्या वकिलाच्या किंवा जमीनदाराच्या मुलाला या अडचणीची कल्पनाही नसावी. उत्तरेतील क्लबांनी १८९३ साली रग्बी युनियनपुढे एक माफक मागणी मांडली : खेळाडूची जेवढी मजुरी बुडेल तेवढी तरी भरून देण्याची मुभा असावी. लंडनच्या त्या सभेत १३६ मते मागणीच्या बाजूने आणि २८२ विरुद्ध पडली. पैसा शिरला की खेळाचे पावित्र्य गेले, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता कधीच नव्हती त्यांना पावित्र्याचा हा हिशेब सोपा होता, एवढे म्हटल्यावाचून पुढे जाववत नाही.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड शहरातील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी 'नॉर्दर्न युनियन' ही आपली स्वतंत्र संघटना उभारली. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग, एवढीच आरंभी त्यांची क्रांती होती. रग्बी युनियनने मात्र तिला द्रोह मानले. नॉर्दर्न युनियनच्या मैदानावर ज्याने एकदा पाऊल टाकले, त्याला जुन्या खेळाचे दार जन्मभर बंद झाले. तो पैसे घेवो न घेवो. याच संघटनेने १९२२ साली 'रग्बी लीग' हे नाव धारण केले, आणि खेळही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

वेगळे झालेल्यांना आता प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगावयाचे होते. चिखलात एकमेकांवर रेलून उभे असलेले तीस गडी पाहावयास लोक किती दिवस येणार? म्हणून एकेक नियम बदलत गेला. चेंडू रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगा करून तो झेलण्याची जुनी पद्धत १८९७ साली रद्द झाली. १९०६ साली तर प्रत्येक बाजूचे पंधरा गडी कमी करून तेरा करण्यात आले. पकडल्या गेलेल्या गड्याभोवती सगळ्यांनी झुंबड करावयाची, हेही थांबले; त्याने उठून पायाने चेंडू मागे सारावा आणि खेळ पुढे चालू व्हावा, असे ठरले. मैदान तेवढेच राहिले, माणसे मात्र चार उणी झाली. जिथे पूर्वी खांद्याला खांदा भिडत होता तिथे मोकळी जागा दिसू लागली. त्या मोकळ्या जागेचे काय करावयाचे, हे मात्र अजून कोणाला नीट उमगले नव्हते.

नियम बदलल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, १० नोव्हेंबर १९०६ रोजी, हडर्सफील्डच्या संघातून ब्रॅम्लीविरुद्ध एक पोरगा मैदानात उतरला. त्याचे वय होते पंधरा वर्षे आणि १७५ दिवस. हॅरल्ड वॅगस्टाफ त्याचे नाव. जन्म १९ मे १८९१ चा, हडर्सफील्डच्या दक्षिणेस होम नदीच्या खोऱ्यात वसलेल्या होमफर्थ या लोकरीच्या गावचा. तिथल्या अंडरबँक वस्तीच्या संघात तो प्रौढ माणसांबरोबर खेळत असे, आणि तिथूनच हडर्सफील्डकरांनी त्याला उचलला. करारापोटी त्याला पाच सुवर्णमुद्रा मिळाल्या. एवढ्या मोलात एवढा लाभ त्या शहरातल्या कोणत्याही लोकरीच्या व्यापाऱ्याला झाला नसेल! सतराव्या वर्षी तो यॉर्कशायर परगण्याकडून खेळला. २ जानेवारी १९०९ रोजी, अठरा पुरी होण्याच्या आतच, तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडच्या संघात होता. १९११ साली, विसाव्या वर्षी, तो हडर्सफील्डचा कर्णधार झाला. ज्यांना हुकूम करावयाचा त्यांतले बहुतेक वयाने त्याच्याहून वडील, काही तर विवाहित आणि पोराबाळांचे धनी. तरीही त्याच्या अधिकाराविषयी कुरबुर झाल्याचे ऐकिवात नाही.

तो संघही साधा नव्हता. लोकांनी त्याला 'सर्व गुणवंतांचा संघ' असे नावच देऊन टाकले होते. त्यात अल्बर्ट रोझेनफेल्ड होता : सिडनीचा ज्यू तरुण, १९०८ साली पहिल्या ऑस्ट्रेलियन संघातून आला तो हडर्सफील्डच्या मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. १९१३-१४ च्या एका हंगामात त्याने ऐंशी ट्राय केले. (प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू टेकविणे म्हणजे ट्राय, त्याला तेव्हा तीन गुण मिळत. चेंडू लाथेने खांबांमधून उंच उडविला की गोल; त्याचे दोन.) तो ऐंशीचा आकडा आजवर कोणाला गाठता आलेला नाही. त्यात वेल्सचा बेन ग्रोनाउ होता. लंडनच्या ट्विकनम मैदानावरच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, १९१० साली, चेंडूला पहिली लाथ मारण्याचा मान याचा; आणि त्याच वर्षी तो उत्तरेकडे आला, तेव्हा त्याच ट्विकनमचे दार त्याला बंद झाले. आणि त्यात डग्लस क्लार्क होता : कंबरलंडचा धिप्पाड गडी, कोळशाच्या धंद्यातला, आणि आपल्या मुलखात पहिलवान म्हणून गाजलेला. या क्लार्कची ओळख श्रोत्यांनी लक्षात ठेवावी.

वॅगस्टाफ खेळत असे सेंटरच्या जागी; म्हणजे झोंबाझोंबी करणारे आघाडीचे गडी आणि कडेने धावणारे विंगचे गडी यांच्या मधोमध. 'सेंटरांचा राजपुत्र' ही त्याला लोकांनी दिलेली पदवी. परंतु त्याचे खरे कर्तृत्व स्वतःच्या धावण्यात शोधू नये. तेराच गडी उरल्यामुळे जी मोकळी जागा निर्माण झाली होती, तिचा अर्थ त्याला इतरांच्या आधी कळला. जागा मिळविण्यासाठी चेंडू लांब लाथाडून देणे ही जुनी रीत. वॅगस्टाफला ती उधळपट्टी वाटे. हाती आलेला चेंडू आपण होऊन प्रतिपक्षाला का द्यावा? त्याच्या संघात चेंडू हातोहात फिरत राही. विंगचा गडी आपल्या कडेला वाट पाहत उभा आहे, सगळ्यांचे डोळे तिकडे लागले आहेत, आणि चेंडू मात्र आतल्या बाजूला, मागून दौडत येणाऱ्या तिसऱ्याच्याच हाती जावा, असे डाव तो बसवी. प्रतिस्पर्धी तक्रार करीत, की हडर्सफील्डचे गडी चेंडू दिल्यावर नेमके असे उभे राहतात की आमची वाट अडते. ही अडवणूक नियमात बसते की नाही यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. ती थोडीफार होती, आणि ती शास्त्रशुद्ध होती, असेच आज म्हणावे लागेल. कर्णधारपदाच्या पहिल्याच हंगामात, १९११-१२ मध्ये, त्याने विगनला १३-५ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. पुढच्या वर्षी पुन्हा विगनलाच २९-२ अशी धूळ चारली, आणि शिवाय वॉरिंग्टनला नमवून चॅलेंज कपही घरी आणला.

१९१४ च्या वसंतात नॉर्दर्न युनियनचा संघ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला. तेवीस वर्षांचा वॅगस्टाफ त्याचा कर्णधार होता. व्यवस्थापक दोन : हडर्सफील्डचे जॉन क्लिफर्ड आणि सेंट हेलन्सचे जॉन हाउटन. ऑस्ट्रेलियाशी तीन कसोटी सामने व्हावयाचे होते. पहिला सिडनीत २७ जूनला, शनिवारी झाला. इंग्रजांनी तो २३-५ असा जिंकला. दुसरा त्याच शहरात सोमवारी, म्हणजे मध्ये एकच दिवस टाकून झाला. तो ऑस्ट्रेलियाने १२-७ असा जिंकला. हिशेब बरोबरीत आला. तिसरा सामना ऑगस्टमध्ये मेलबर्नला व्हावा असे ठरले होते. परंतु सिडनीत लोकांचा उत्साह शिगेला पोचलेला पाहून तिथल्या चालकांना मोह आवरेना. त्यांनी तो सामना ४ जुलैला सिडनीतच घेण्याचे जाहीर केले. आठ दिवसांत तीन कसोट्या!

इंग्रजांच्या तळावर त्या वेळी एक इस्पितळच उघडल्यासारखे झाले होते. मुख्य गड्यांपैकी कितीतरी जण पाय धरून किंवा हात बांधून बसलेले. क्लिफर्ड आणि हाउटन यांनी विरोध केला. हा सामना ठरल्याप्रमाणे मेलबर्नलाच व्हावा असे बजावले. ऑस्ट्रेलियन चालकांनी परस्पर इंग्लंडला तार केली. नॉर्दर्न युनियनच्या मुख्य कचेरीतून उलट तार आली ती अशी, की सामना खेळलाच पाहिजे; आणि त्यात ट्राफल्गारच्या लढाईतल्या नेल्सनच्या प्रसिद्ध संदेशाची आठवण करून देऊन प्रत्येकाने आपले कर्तव्य बजावावे असा उपदेशही होता. हजारो मैलांवर, खुर्चीत बसून, दुसऱ्याच्या मोडक्या हाडांच्या भरवशावर नेल्सन होणे कठीण नसते.

सामन्याच्या आधी क्लिफर्ड यांनी उभे राहू शकणाऱ्या तेरा जणांना जवळ बोलाविले. त्यांना काय वागणूक मिळाली आहे हे सांगितले. आज तुम्ही अन्यायाविरुद्ध खेळणार आहात, आणि म्हणून तुम्ही जिंकणार आहात, असे सांगितले. पुढे १९३० नंतरच्या काळात वॅगस्टाफने वृत्तपत्रातून आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्याने नमूद केले की त्या भाषणासारखे मनाला भिडणारे भाषण त्याने ना त्यापूर्वी ऐकले ना त्यानंतर. वस्तुतः क्लिफर्ड हे काही वक्ते नव्हते.

मैदानाभोवती चौतीस हजारांच्या आसपास लोक होते. सुरुवातीच्या काही मिनिटांतच विंगवरच्या फ्रँक विल्यम्सचा गुडघा पिरगळला. बदली गडी उतरविण्याची सवलत त्या काळी नव्हती. जो पडला तो पडला, उरलेल्यांनी खेळावे. विल्यम्स लंगडत काही वेळ तसाच राहिला. मग डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला. त्याने तो बांधून घेतला आणि तो परत आला. असे असूनही लीड्सच्या विली डेव्हिसने एक ट्राय केला, ओल्डमचा आल्फ वुड लाथेमागून लाथ खांबांमधून घालू लागला, आणि मध्यंतराला इंग्रजांचे नऊ गुण झाले असताना ऑस्ट्रेलियाच्या नावावर एकही नव्हता.

उत्तरार्ध सुरू झाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. विल्यम्सचा पाय पार निकामी होऊन तो बाहेर गेला. अंगठा बांधलेल्या क्लार्कने धडक घेतली, त्यात त्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले. दंड शरीराला बांधून तो पुन्हा आत आला. पण उभे राहणेच अशक्य झाले, आणि तो दांडगा पहिलवान डोळ्यांत पाणी घेऊन मैदानाबाहेर गेला. पाठोपाठ ओल्डमचा बिली हॉल डोक्याला मार लागून शुद्ध हरपल्यामुळे उचलून न्यावा लागला. आता वॅगस्टाफच्या मागे नऊ जण होते. तो धरून दहा. समोर तेरा धडधाकट गडी, भोवती त्यांचे स्वतःचे लोक, आणि पुढे जवळजवळ अर्धा तास.

कर्णधाराची बुद्धी अशा वेळी काय करते ते पाहण्यासारखे आहे. तीन गडी कमी म्हणजे पकडी कमी, आणि पकडी कमी म्हणजे भगदाडे. त्याने आघाडीच्या गड्यांना मागच्या रांगेत काम दिले. विडनेसचा अल्बर्ट जॉन्सन, जो एरवी स्क्रममध्ये मान घालून रेटणारा, त्याला रिकाम्या पडलेल्या विंगवर उभा केला. उरलेल्यांनी पडावे, उठावे, आणि पुन्हा आडवे यावे, एवढेच त्यांच्या हाती होते. वॅगस्टाफ स्वतः या कडेपासून त्या कडेपर्यंत पकडी घेत फिरत होता. ऑस्ट्रेलियन लाटेमागून लाट अंगावर येत होती आणि रेषेच्या अलीकडेच फुटत होती.

आणि मग, दहाच गडी असताना, इंग्रजांनीच ट्राय केला. चेंडू वॅगस्टाफच्या हाती आला. बचावच करावयाचा तर त्याने तो लाथेने दूर लोटून श्वास घ्यावयास हरकत नव्हती. कोणीही तसेच केले असते. तो उजव्या अंगाने आत घुसला. शेवटचा राखणदार आपल्यावर येईपर्यंत तो थांबला, आणि तो आल्यावर त्याने चेंडू बाजूच्या जॉन्सनच्या हाती दिला. जॉन्सन म्हणजे आघाडीचा गडी. वेगात धावून पुढे निसटणे हे त्याचे काम नव्हे. त्याला जे येत होते ते त्याने केले. चेंडू त्याने जमिनीवर टाकला आणि पायांनी, थोडा थोडा ढकलीत, फुटबॉलच्या खेळाडूसारखा तो नेऊ लागला. रग्बीचा चेंडू लांबट. तो कोणत्या बाजूला उसळेल हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पण त्या दुपारी तो जॉन्सनच्या पायाशी इमानी कुत्र्यासारखा राहिला. पाठलाग करणारे मागे पडले आणि जॉन्सनने रेषेपलीकडे चेंडूवर अंग टाकले. वुडने त्यावर गोल केला. चौदा विरुद्ध शून्य.

ऑस्ट्रेलियनांनी हार मानली नाही, हेही सांगितले पाहिजे. शेवटच्या टप्प्यात, दहा जणांचे पाय लाकडासारखे झालेले असताना, त्यांनी दोन ट्राय केले. अखेरच्या काही मिनिटांसाठी हॉल, आपण कोठे आहोत याची धड शुद्ध नसतानाही, परत येऊन उभा राहिला. शिटी झाली तेव्हा फलकावर १४-६ होते. सिडनीच्या प्रेक्षकांनी, ज्यांच्या संघाचा पराभव झाला त्याच प्रेक्षकांनी, त्या थकलेल्या माणसांचा जयघोष केला.

हा सामना पुढे 'रॉर्क्स ड्रिफ्टची कसोटी' या नावाने प्रसिद्ध झाला. १८७९ साली आफ्रिकेतील नाताळमध्ये दीडशेच्या आसपास ब्रिटिश शिपायांनी हजारो झुलूंचा हल्ला एका लहानशा ठाण्यात परतविला होता. त्यावरून ही तुलना. नाव साम्राज्याच्या ऐन भरातले आहे. झुलू ज्या भूमीसाठी लढत होते ती त्यांचीच होती, ही गोष्ट नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानी आली नसावी. सिडनीतले दहा जण निदान कोणाचे काही घ्यावयास गेले नव्हते. ते विणकर, खाणकरी आणि कोळसेवाले यांच्या वस्त्यांतून आलेले लोक होते. पैशासाठी खेळतात म्हणून ज्यांना जन्माचे बहिष्कृत केले गेले, ते. मोडलेल्या हाडाने परत मैदानात येण्याचे क्लार्कला कोणी किती पैसे देणार होते?

त्या शनिवारनंतर बरोबर एक महिन्याने, ४ ऑगस्टला, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. संघ तेव्हा न्यूझीलंडमध्ये होता. मायदेशी परतल्यावर एक हंगाम सामने चालू राहिले. त्यावर टीकाही झाली. त्या १९१४-१५ च्या हंगामात हडर्सफील्डने त्या वेळचे चारही मान मिळविले : यॉर्कशायर कप, यॉर्कशायर लीग, चॅलेंज कप आणि अजिंक्यपद. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सविरुद्ध ३७-३, अजिंक्यपदाच्या सामन्यात लीड्सविरुद्ध ३५-२. चारही मान एकाच वर्षी मिळविणारे संघ रग्बी लीगच्या इतिहासात तीनच : १९०८ साली हन्स्लेट, १९१५ साली हडर्सफील्ड आणि १९२८ साली स्विंटन. हडर्सफील्डच्या त्या संघाला मात्र या यशानंतर वर्षानुवर्षे एकत्र खेळताच आले नाही. फ्रेड लाँगस्टाफ, जो वॅगस्टाफबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला होता, तो १९१६ च्या जुलैत सोमच्या रणभूमीवर पडला. त्याच दौऱ्यातले वॉल्टर रोमन आणि बिली जार्मन हेही युद्धात कामी आले.

वॅगस्टाफ लष्कराच्या वाहतूक दळात दाखल झाला, आणि तिथे एक गमतीची गोष्ट घडली. या दळाच्या मोटार विभागाचे ठाणे लंडनजवळ ग्रोव्ह पार्क येथे होते. वॅगस्टाफ, क्लार्क, ग्रोनाउ, रोझेनफेल्ड हे सारे तिथे एकत्र आले. सैन्यात खेळली जाणारी रग्बी म्हणजे पंधरा गड्यांची, जुन्या युनियनची. युद्ध चालू असेपर्यंत गणवेषातल्या माणसाला ती खेळण्यास हरकत घेऊ नये, अशी सवलत युनियनने दिली होती. जो मरावयास चालतो तो खेळावयास चालत नाही, असे म्हणणे त्यांनाही अवघड गेले असावे. वॅगस्टाफने या परक्या नियमांत आपला संघ बसविला. १९१६-१७ मध्ये ते सव्वीस सामने खेळले आणि पंचवीस जिंकले. युद्ध संपले आणि दार पुन्हा पूर्वीसारखे बंद झाले. ते कायमचे उघडण्यास १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रग्बी युनियनने स्वतःच पैसे देऊन खेळाडू बाळगण्यास मान्यता दिली. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली होती.

ग्रोव्ह पार्कचे साथी पुढे पांगले. वॅगस्टाफला ईजिप्तमध्ये पाठविण्यात आले. रोझेनफेल्डला मेसोपोटेमियात, जिथे आपल्या पलटणीही त्याच उन्हात लढत होत्या. क्लार्क फ्रान्समध्ये होता. पाशेंडेलच्या लढाईत विषारी वायूने त्याची फुप्फुसे भाजली. शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले आणि शंभरात पंच्याण्णव टक्के अपंग असा शेरा मारून त्याला घरी पाठविण्यात आले. १९१९ मध्ये हडर्सफील्डच्या मैदानावर खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा हा पंच्याण्णव टक्के अपंग माणूस वॅगस्टाफच्या शेजारी उभा होता.

तो पहिलाच हंगाम पुन्हा चारही मान देऊन जातो की काय असे वाटू लागले होते. यॉर्कशायरचे दोन्ही मान मिळाले, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात विगनला २१-१० असे हरविले. पण ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या दौऱ्याची बोट थांबावयास तयार नव्हती. अजिंक्यपदाचा सामना हलविरुद्ध झाला तेव्हा कर्णधार वॅगस्टाफ आणि त्याचे प्रमुख साथीदार इंग्लंडात नव्हते, आणि हडर्सफील्ड ३-२ असे, अवघ्या एका गुणाने हरले. १९२० चा तो दौरा ऑस्ट्रेलियात विशेष फळला नाही. कसोट्यांत एक विजय आणि दोन पराभव. न्यूझीलंडमध्ये मात्र तिन्ही कसोट्या जिंकल्या. दोन दौऱ्यांवर राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारा वॅगस्टाफ हा पहिलाच होय. ऑस्ट्रेलियाचे संघ १९२१-२२ मध्ये इंग्लंडात आले तेव्हाही तो खेळत होता, आणि १४ जानेवारी १९२२ रोजी सॅल्फर्डला ६-० असा विजय मिळून ती मालिका इंग्रजांनी जिंकली.

१९२५ साली तो थांबला. हडर्सफील्डसाठी ४३६ सामने आणि १७५ ट्राय, असा त्याचा हिशेब आहे. एकोणीस वर्षे एकाच क्लबाशी राहिलेल्या माणसाने त्यानंतर हॅलिफॅक्स आणि ब्रॉटन रेंजर्स या संघांना शिकविले, आणि हडर्सफील्डमध्ये एक मद्यगृह चालविले. उत्तरेतल्या निवृत्त खेळाडूंचा हा नेहमीचा व्यवसाय. गिऱ्हाईक पेल्यासाठी जेवढे येई तेवढेच जुन्या सामन्यांच्या गोष्टींसाठी येई. १९ जुलै १९३९ रोजी, दुसऱ्या महायुद्धाला दीड महिना असताना, तो मरण पावला. वय अठ्ठेचाळीस.

त्याचे साथीदार त्याच्यामागे बरीच वर्षे जगले. ऐंशी ट्राय करणारा रोझेनफेल्ड हडर्सफील्डमध्येच नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर काम करीत राहिला, आणि १९७० साली वृद्धापकाळी वारला. १९८८ साली ब्रिटिश रग्बी लीगने आपल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची एक सन्मानसूची केली. आरंभी तिच्यात नऊच नावे होती; त्यांत वॅगस्टाफ होता आणि रोझेनफेल्डही होता. अंगठा आणि खांद्याचे हाड मोडूनही सिडनीच्या मैदानात परत आलेला डग्लस क्लार्क १९५१ साली निवर्तला होता. त्याचे नाव त्या सूचीत २००५ साली घालण्यात आले.